विलायती प्रश्नपत्रिकेतील अमेरिका

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील मूल चौदाव्या वर्षाच्या सुमारास जीसीएसई परीक्षेसाठी इतिहास हा विषय निवडते आणि शाळेकडून आलेला अभ्यासक्रमाचा तपशील घरी उघडला जातो, तेव्हा ज्या आईबापांचे शालेय शिक्षण नाशिक, सोलापूर किंवा अमरावती येथे झाले त्यांना एका गोष्टीचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. नॉर्मन राजे, एलिझाबेथ राणी आणि दोन महायुद्धे ह्यांच्या बरोबरीने तेथे अमेरिका मांडून बसलेली असते. मिसिसिपीपलीकडील कुरणांवर वसाहत करणारे शेतकरी, त्या कुरणांवरून हुसकावले गेलेले मूळ रहिवासी, १९२९ साली कोसळलेला न्यूयॉर्कचा शेअरबाजार, माँटगोमेरीच्या बसगाड्यांवरील बहिष्कार, व्हिएतनामचे युद्ध, हे सारे ज्या प्रश्नपत्रिकेत विचारले जाते ती इंग्लंडातील असावी, आणि तिची उत्तरे आपल्या घरातील मुलाने लिहावी, ह्याची संगती पालकांना सहसा लागत नाही. मग हा इतिहास इंग्रजांचाही नाही आणि आपला तर नाहीच, तेव्हा ह्यात आपल्याला काय मदत करता येणार, असे म्हणून ते तो विषय शाळेवर आणि शिकवणीवर सोपवून मोकळे होतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. अमेरिकेच्या इतिहासाचे धागे महाराष्ट्राच्या जमिनीत फार जुन्या काळापासून आणि फार खोलवर गेलेले आहेत, आणि ते ज्याला दाखवता येतील तो पालक आपल्या मुलाला परीक्षेच्या दृष्टीनेही मोलाची मदत करू शकेल, हे येथे सप्रमाण दाखवावयाचे आहे.

प्रथम ह्या परीक्षेची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. ब्रिटनमध्ये शिक्षणाचा कारभार एकछत्री नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड ह्यांचे अभ्यासक्रम आणि परीक्षा वेगवेगळ्या आहेत. इंग्लंडात १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रमाची तरतूद केली, आणि त्याच वर्षी जुन्या ओ-लेव्हल आणि सीएसई ह्या दोन परीक्षांच्या जागी जीसीएसई ही एकच परीक्षा सुरू झाली. त्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इतिहास हा विषय चौदाव्या वर्षापर्यंत सक्तीचा आहे. पुढे तो ऐच्छिक होतो. अकरा ते चौदा ह्या वयोगटासाठी २०१४ पासून जो मसुदा अमलात आहे, त्यात नाझी राजवटीने केलेला ज्यूंचा संहार एवढा एकच भाग नावानिशी सक्तीचा असून बाकीचे विषय नमुन्यादाखल सुचविलेले आहेत. जगाच्या इतिहासातील एखाद्या महत्त्वाच्या समाजाचा अभ्यास करावा असे सांगताना जी उदाहरणे त्यात दिली आहेत, त्यांत विसाव्या शतकातील अमेरिका आहे आणि १५२६ ते १८५७ ह्या काळातील मोगल हिंदुस्थानही आहे. ज्या कालखंडात शिवछत्रपतींचे स्वराज्य आणि पेशवाई ही दोन्ही येतात तो कालखंड इंग्लंडातील शिक्षकाला शिकवण्याची मुभा आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात असते.

जीसीएसईच्या इतिहासाची आजची घडी २०१६ पासून शिकवली जाऊ लागली आणि तिची पहिली परीक्षा २०१८ साली झाली. शासनाने घातलेल्या अटी अशा की, किमान चाळीस टक्के भाग ब्रिटनच्या इतिहासाचा असावा. मध्ययुग, त्यानंतरचे आरंभीचे आधुनिक युग आणि आधुनिक काळ ह्या तिन्हींचा स्पर्श व्हावा. एक विषय कित्येक शतकांच्या दीर्घ पटावर पाहावा, एक मध्यम कालखंडाचा असावा आणि एखाद्या छोट्या काळात खोल उतरावे. आणि ब्रिटनखेरीज युरोपाचा किंवा व्यापक जगाचाही अभ्यास असावा. ह्या शेवटच्या अटीच्या दारातून अमेरिका आत येते. परीक्षा घेणारी मंडळे अनेक आहेत, आणि कोणत्या मंडळाचा कोणता पर्याय घ्यावयाचा हे शाळा ठरवते. एक्यूए ह्या मंडळाच्या यादीत १८४० ते १८९५ ह्या काळातील अमेरिकेचा विस्तार आणि १९२० ते १९७३ ह्या काळातील अमेरिकेतील संधी व विषमता असे दोन पर्याय आहेत. एडेक्सेलच्या यादीत पश्चिम अमेरिका, शीतयुद्ध आणि १९५४ ते १९७५ ह्या काळातील अमेरिकेचे अंतर्गत व बाहेरील संघर्ष आहेत. स्कॉटलंडच्या परीक्षेत १९१८ ते १९६८ ह्या काळातील अमेरिकेतील नागरी हक्कांचा लढा हा विषय आहे, आणि उत्तर आयर्लंडच्या परीक्षेत १९२० ते १९३३ ह्या वर्षांतील अमेरिकन जीवन हा.

अमेरिका ह्या वर्गात आली कशी, ह्याचाही एक इतिहास आहे आणि तो उद्बोधक आहे. पूर्वी इंग्लंडातील मुले मुख्यतः राजेरजवाडे, पार्लमेंटचे कायदे आणि लढायांच्या सनावळ्या पाठ करीत. १९७२ साली लीड्स येथे तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांच्या इतिहासशिक्षणाचा एक प्रकल्प सुरू झाला, ज्याचे आजचे नाव स्कूल्स हिस्टरी प्रोजेक्ट असे आहे. इतिहास म्हणजे स्वीकारावयाची माहिती नव्हे, तर पुराव्यावरून प्रश्न विचारण्याची आणि उत्तर बांधण्याची एक रीत आहे, अशी त्या प्रकल्पाची भूमिका होती. आणि ती रीत शिकवण्यासाठी जे विषय निवडले गेले त्यांत युगायुगांतील वैद्यक हा एक होता आणि पश्चिम अमेरिकेतील वसाहत हा दुसरा. आपल्याहून सर्वस्वी वेगळ्या अशा माणसांच्या, म्हणजे रानगव्यांच्या कळपांमागे फिरणाऱ्या सू लोकांच्या आणि गवताळ मैदानावर मातीच्या ढेकळांची घरे बांधणाऱ्या वसाहतकाऱ्यांच्या, मनात शिरून त्यांनी असे का केले हे समजून घेणे, ही शिस्त स्वतःच्या देशाचा अभिमान मध्ये न येता परक्या देशाच्या इतिहासावर अधिक निर्मळपणे शिकवता येते. ह्या विचारात तथ्य होते, म्हणूनच अर्धशतक उलटले तरी हा विषय अभ्यासक्रमात टिकून आहे.

ह्या पश्चिम अमेरिकेच्या भागात मुलांना काय वाचावे लागते त्याचा एक मासला पाहू. १८६८ साली फोर्ट लारामी येथे अमेरिकन सरकार आणि सू जमातींमध्ये एक तहनामा झाला. त्याअन्वये ब्लॅक हिल्स ह्या डोंगराळ मुलखासह विस्तीर्ण प्रदेश सू लोकांच्या निर्वेध उपभोगासाठी राखून ठेवण्यात आला. सहा वर्षांतच, १८७४ मध्ये, अमेरिकन सेनाधिकारी कस्टरच्या फौजेबरोबर गेलेल्या मंडळींना तेथे सोने आढळले; खाणवाल्यांची रीघ लागली; सरकारने प्रदेश विकत मागितला, सू लोकांनी नकार दिला, आणि २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टर आपल्या तुकडीसह मारला गेला. तरीही पुढल्याच वर्षी कायदा करून ब्लॅक हिल्स काढून घेण्यात आले, आणि २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथील हत्याकांडाने त्या प्रतिकाराचा शेवट झाला. ज्या मराठी माणसाने ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, तैनाती फौजेच्या अटी आणि त्यानंतरच्या सोळा वर्षांत राज्य कसकसे हातचे गेले हे शाळेत वाचले आहे, त्याला हा मजकूर परका वाटण्याचे कारण नाही. दोन्ही प्रसंगांत परिस्थिती भिन्न, पक्ष भिन्न आणि शस्त्रबळाचे प्रमाणही भिन्न. परंतु तहनाम्यात लिहिलेले शब्द, ते शब्द दोन पक्षांनी कोणत्या समजुतीने मान्य केले, आणि बळ एकाच पक्षाकडे असताना त्या शब्दांचे पुढे काय झाले, हे प्रश्न दोन्हीकडे तेच आहेत. आईने किंवा आजोबांनी वसईची हकीकत मुलाला पाच मिनिटांत सांगितली तर फोर्ट लारामीचे कलम त्याच्या स्मरणात पक्के बसेल, कारण नुसता सन मनातून निसटतो, पण दोन प्रसंगांतील साम्य आणि भेद लक्षात राहतो.

आता प्रश्नपत्रिकेच्या रीतीकडे वळू. आपल्याकडे दहावीच्या इतिहासात टिपा लिहा, कारणे द्या, विधान सकारण स्पष्ट करा असे प्रश्न येतात. ह्या विलायती प्रश्नपत्रिकेत त्यांच्या जोडीला आणखी एक प्रकार असतो आणि पालक बहुधा तेथेच अडखळतात. एक्यूएच्या अमेरिकेवरील प्रश्नपत्रिकेत आरंभी दोन उतारे दिलेले असतात. समजा, विषय रूझवेल्टच्या न्यू डीलचा आहे. ४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट अध्यक्षपदावर आला तेव्हा काम करू शकणाऱ्या दर चौघांपैकी सुमारे एक जण बेकार होता; सरकारने तरुणांना जंगलांत कामे दिली, टेनेसी नदीवर धरणे बांधली, आणि १९३५ साली वृद्धापकाळ व बेकारी ह्यांसाठी सामाजिक सुरक्षेचा कायदा केला. एका उताऱ्यात जंगलखात्याच्या छावणीत काम मिळालेला तरुण म्हणतो की ह्या योजनेने आमचे घर वाचले. दुसऱ्यात एक कारखानदार म्हणतो की सरकारने करांचा बोजा लादून उद्योगाचा कणा मोडला. पहिला प्रश्न, दोन मतांत फरक काय, चार गुण. दुसरा, हा फरक का पडला असावा, चार गुण. तिसरा, ह्यांपैकी कोणते मत तुम्हांला अधिक पटते आणि का, आठ गुण. पहिल्या प्रश्नाला वाचन पुरते. दुसऱ्याला लेखक कोण, त्याचे हितसंबंध कोणते, तो कधी आणि कोणासाठी लिहितो, ह्याचा विचार लागतो. तिसऱ्याला मात्र स्वतःचे ज्ञान लागते. उताऱ्यातील विधान माहीत असलेल्या वस्तुस्थितीशी ताडून पाहावे लागते, आणि ‘दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

ही रीत इंग्लंडात शिकवली जाते म्हणून ती केवळ इंग्रजांची आहे असे मात्र नाही. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लंडनला प्रसिद्ध केला, आणि पुढे चार दशके तो ग्रंथ प्रमाण मानला गेला. त्याची पहिली भेदक चिकित्सा १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्या पुण्यातील तरुण विद्यार्थ्याने केली. डफने कोणती साधने वापरली, कोणती वापरली नाहीत आणि त्याच्या स्थानामुळे त्याच्या दृष्टीला कोणत्या मर्यादा पडल्या, हे त्या तरुणाने विचारले. पुढे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी वाईस हाती आलेल्या पत्रांच्या आधारे १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड काढला, गावोगावची दफ्तरे धुंडाळली, आणि बखरीतील विधान अस्सल समकालीन पत्राच्या कसोटीवर घासून पाहण्याची सवय महाराष्ट्राला लावली; १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते ह्याच निष्ठेतून. साधन कोणते, लिहिणारा कोण, घटनेनंतर किती काळाने लिहिले, त्याचा हेतू काय, ही जी प्रश्नावली आज इंग्लंडातील शिक्षक फळ्यावर लिहितात, तीच राजवाड्यांच्या प्रस्तावनांत पानोपानी भेटते. ह्या परंपरेत वाढलेल्या घराने आठ गुणांच्या प्रश्नासमोर हतबल व्हावे हे आपल्याला शोभत नाही.

आता अमेरिकेचे जे धागे महाराष्ट्रात आलेले आहेत त्यांतला सर्वांत बळकट धागा उलगडून पाहू. तो कापसाचा आहे. १२ एप्रिल १८६१ रोजी दक्षिण कॅरोलायनातील सम्टरच्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचे यादवी युद्ध सुरू झाले. त्या वेळी लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडील, गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मळ्यांतून येत असे. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, कापूस थांबला, मँचेस्टरच्या आसमंतातील लक्षावधी कामगारांवर उपासमारीची पाळी आली. अशाही स्थितीत ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये भरलेल्या सभेने गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला, आणि जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्या शहराच्या श्रमिकांना उद्देशून कृतज्ञतेचे पत्र लिहिले. आज मँचेस्टरच्या लिंकन चौकात त्याचा जो पुतळा उभा आहे, त्याच्या चौथऱ्यावर ह्या प्रसंगाची नोंद आहे. त्या बाजूला राहणाऱ्या मराठी कुटुंबाने एखाद्या शनिवारी मुलाला तेथे नेऊन तो मजकूर वाचावयास लावावा.

परंतु गोष्ट मँचेस्टरला संपत नाही. अमेरिकेचा कापूस थांबताच गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली, आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाला कधी मिळाला नव्हता असा भाव मिळू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका, नव्या कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना ह्यांच्या शेअरांचा सट्टा प्रेमचंद रायचंद ह्यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या नेतृत्वाखाली शिगेला पोहोचला. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापसाचे भाव कोसळले, आणि त्या वर्षीच्या १ जुलैला मुदतीच्या सौद्यांची फेड करण्याची वेळ आली तेव्हा मुंबईतील मोठमोठ्या पेढ्यांनी दिवाळे काढले. मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर हा प्रेमचंदांनी ह्याच तेजीच्या काळात दिलेल्या देणगीतून, त्यांच्या मातेच्या नावाने, पुढे १८७८ साली पुरा झाला.

शहरातील दिवाळखोरी डोळ्यांत भरते; खेड्यातील तेवढी भरत नाही. तेजीच्या वर्षांत सावकारांनी दख्खनच्या कुणब्याला सढळ हाताने कर्ज दिले होते. भाव पडताच त्यांनी हात आखडता घेतला आणि जुन्या रोख्यांच्या वसुलीचा तगादा लावला; १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीनच वर्षे ग्राह्य धरला जात असल्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेण्याची पद्धत पडली; आणि नेमक्या त्याच सुमारास जमाबंदीची फेरआकारणी होऊन कित्येक तालुक्यांत सरकारी सारा जबर वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या गावी, शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे मागून घेतले आणि त्यांची होळी केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

आता घरच्या घरी मुलाला विलायती पद्धतीचाच एक प्रश्न घालून पाहावा: ‘१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचे मुख्य कारण अमेरिकेतील यादवी युद्ध हे होते, हे विधान तुम्हांला कितपत मान्य आहे?’ ह्याला एका शब्दाचे उत्तर नाही. युद्धाने भाव चढले आणि पडले, हे खरे. परंतु युद्ध संपल्यानंतर दंगा व्हायला दहा वर्षे का लागली? ज्या गावांत कापूस पिकत नव्हता तेथेही रोखे का जळले? साऱ्याची वाढ आणि मुदतीचा कायदा ही कारणे हिंदुस्थान सरकारची होती, अमेरिकेची नव्हती. मग युद्धाला दूरचे कारण म्हणावे आणि साऱ्याला जवळचे, की सावकारीच्या जुन्या रचनेला मूळ कारण धरून बाकीच्यांना निमित्त मानावे? जे मूल ह्या प्रश्नाचे उत्तर बाजू मांडून, प्रत्येक कारणाचे वजन सांगून आणि शेवटी स्वतःचा निर्णय देऊन लिहू शकेल, त्याने जीसीएसईच्या सोळा गुणांच्या निबंधाची रीत आत्मसात केली असे खुशाल समजावे. कारण त्या परीक्षेत माहितीला जेवढे गुण आहेत, म्हणजे पस्तीस टक्के, तेवढेच कारण, परिणाम, बदल आणि महत्त्व ह्यांच्या विवेचनाला आहेत, आणि उरलेले तीस टक्के साधने व मतांतरे ह्यांच्या परीक्षणाला.

दुसरा धागा विचारांचा आहे. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात आल्या, चेल्टनमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्यांनी अध्ययन आणि संस्कृतचे अध्यापन केले, आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी तेथून फिलाडेल्फियाला गेल्या; त्या प्रवासातून १८८९ साली त्यांनी युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत एक ग्रंथ लिहिला. इंग्लंडच्या शाळांत अमेरिका शिरण्याच्या कितीतरी आधी मराठी वाचकासमोर ती आलेली होती. डॉ. आंबेडकर कोलंबियाला शिकले, मग लंडनला; आणि १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ह्यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या तेथील कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागितल्या, कारण दोन समाजांच्या स्थितीतील साम्य त्यांना दिसत होते. १९६६ साली अमेरिकेतील ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि तिने नाव तिकडूनच घेतले.

हा धागा हाती असेल तर १९५० आणि ६० च्या दशकांतील नागरी हक्कांचा लढा अभ्यासताना मराठी मुलाला एक महत्त्वाची गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगते, ती ही की कायदा होणे आणि तो अमलात येणे ह्यांत मोठे अंतर असते. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. तरी १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी अध्यक्षाला सैन्य पाठवावे लागले. तिकडे मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली बोले ह्या सदस्याने मांडलेला ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते, महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारलाही होता; तरी चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, आणि कोर्टातील निकाल लागायला १९३७ साल उजाडले. आणि हाच लढा ब्रिटनमध्येही झाला. ब्रिस्टलच्या बस कंपनीने कृष्णवर्णीय व आशियाई लोकांना बसवर कामास घेण्याचे नाकारले, तेव्हा १९६३ साली पॉल स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माँटगोमेरीचा आदर्श समोर ठेवून बहिष्कार पुकारला. २८ ऑगस्टला, ज्या दिवशी वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचे विख्यात भाषण झाले त्याच दिवशी, कंपनीने माघार घेतली, आणि सप्टेंबरमध्ये रघबीरसिंग हे त्या शहराचे पहिले गौरेतर बसवाहक झाले. दोन वर्षांनी ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा आला. ज्या समाजात आपली मुले आज निर्वेधपणे शिकतात, नोकऱ्या करतात, त्याच्या पायात अमेरिकेच्या ह्या अध्यायाचाही एक दगड आहे.

अभ्यासाच्या व्यवहाराविषयी चार शब्द सांगणे इष्ट आहे. शाळेने कोणते मंडळ आणि कोणता पर्याय घेतला आहे हे प्रथम शाळेकडून लेखी विचारून घ्यावे; मागील प्रश्नपत्रिका, गुणदानाचे निकष आणि परीक्षकांचे अहवाल मंडळांच्या संकेतस्थळांवर मिळतात, ते पालकांनीही वाचावेत. सनावळी पाठ हवीच, परंतु ती घटनांच्या साखळीत गुंफून. एक्यूएच्या प्रत्येक पेपरला दोन तासांत चौऱ्याऐंशी गुणांची उत्तरे लिहावयाची असतात; म्हणजे एका गुणामागे दीड मिनिटाहूनही कमी वेळ, आणि त्यात वाचन आले. म्हणून घड्याळ लावून, हाताने, पूर्ण वाक्यांत लिहिण्याचा सराव आठवड्यातून एकदा तरी व्हावा. शुद्धलेखनाला वेगळे गुण आहेत, हेही विसरू नये. तयार उत्तरे घोकून घेणारी शिकवणी मात्र टाळावी. उतारा बदलला की घोकलेले उत्तर निरुपयोगी होते, आणि परीक्षकाला ते ओळखण्यास क्षणाचाही विलंब लागत नाही. त्यापेक्षा मुलाने शिकलेला धडा घरच्या वडीलधाऱ्यांना मराठीतून समजावून सांगावा, आणि त्यांनी मध्येच ‘हे तुला कशावरून कळले?’ एवढे विचारावे. दुसऱ्या भाषेत सांगताना पुस्तकातील वाक्ये उपयोगी पडत नाहीत, अर्थ सांगावा लागतो. आणि ज्याचा अर्थ सांगता येतो ते परीक्षेत विसरत नाही.

ह्या अभ्यासक्रमात उणिवा आहेत. शाळेने ज्या पर्यायांची निवड केली त्यांत हिंदुस्थानचा उल्लेखही न येता मूल जीसीएसई उत्तीर्ण होऊ शकते. तथापि वाट बंद नाही. एक्यूएच्या स्थलांतर आणि साम्राज्यांच्या पर्यायात ईस्ट इंडिया कंपनी आणि १८५७ चा उठाव आहे. आणि पुढे ए-लेव्हलला एडेक्सेलने एक असा मार्ग आखला आहे की, त्यात १९१७ ते १९९६ ह्या काळातील अमेरिकेबरोबर १९१४ ते १९४८ ह्या काळातील हिंदुस्थानचा स्वातंत्र्यलढा एकत्र शिकता येतो. असे पर्याय शाळांनी घ्यावेत ह्यासाठी पालकांनी शिक्षकांशी अदबीने पण आग्रहाने बोलले पाहिजे. शिक्षक अशा सूचनेचा अव्हेर करतात असे मानण्याचे कारण नाही.

ह्या साऱ्या खटाटोपाचे फळ केवळ गुणपत्रिकेवरील नऊचा आकडा नव्हे. ज्या देशात आपली मुले मोठी होत आहेत तेथे उद्या त्यांना मतदान करावयाचे आहे, पंच म्हणून न्यायालयात बसून साक्षीपुरावा तोलावयाचा आहे, आणि समाजमाध्यमांतून रोज येणाऱ्या शेकडो विधानांपैकी कोणते ग्राह्य आणि कोणते त्याज्य हे ठरवावयाचे आहे. दोन परस्परविरोधी उतारे शांतपणे वाचून, लिहिणाऱ्याचे स्थान ओळखून, वस्तुस्थितीशी ताडून आणि मग न कचरता निर्णय देण्याची जी सवय सोळाव्या वर्षी ह्या विषयाच्या निमित्ताने लागते, ती त्या सर्व प्रसंगी उपयोगी पडणारी आहे. अमेरिकेच्या इतिहासावर ती लागली म्हणून ती उसनी ठरत नाही. आणि त्या इतिहासाचे महाराष्ट्राशी जडलेले नाते ज्या घरात सांगितले जाते, त्या घरातील मूल जगाच्या कोणत्याही देशाच्या इतिहासाकडे पाहुण्याच्या संकोचाने पाहणार नाही. तेव्हा पालकांनी तो अभ्यासक्रमाचा कागद शाळेवर सोपवून मोकळे होऊ नये. मुलाबरोबर बसून तो वाचावा, आणि आपल्याजवळ जे आहे ते निःसंकोचपणे त्याच्या पदरात घालावे.